जाड अक्षराचे प्रामाण्य

जैमिनीच्या मीमांसासूत्रांत शब्दाच्या नित्यत्वाचा वाद चालला असता पूर्वपक्षाने असा एक आक्षेप घेतला आहे की, एकच शब्द अनेकांनी मिळून उच्चारला म्हणजे तो मोठा ऐकू येतो, आणि कर्त्यांची संख्या वाढली की जी वस्तू वाढते ती केलेली, म्हणजेच उत्पन्न झालेली असणार. तेव्हा शब्द नित्य कसा मानावा? सूत्रकारांचे उत्तर आटोपशीर आहे. वाढतो तो नाद. शब्द जेवढ्यास तेवढाच राहतो. दहा जणांनी एका सुरात 'गाय' म्हटल्याने त्या शब्दाचा अर्थ दसपट होत नाही, आणि एकाने कुजबुजत म्हटल्याने तो उणावतही नाही. शब्दनित्यत्वाचा सिद्धांत आज कितीजणांना मान्य होईल हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, शब्द कोणता आणि त्याचा नाद कोणता हे निरनिराळे ओळखण्याचा मीमांसकांचा हा विवेक फार मोलाचा आहे. आणि ज्या काळात बहुतेक शब्द आपल्याला कानांवाटे न भेटता डोळ्यांवाटे भेटतात, त्या काळात तर तो नव्याने शिकून घेण्याजोगा आहे. कारण छापील पानालाही नाद असतो. अक्षराचे आकारमान, त्याचा जाडपणा, त्याची काळी घनता हा त्या पानाचा नाद होय. आणि तो वाढला म्हणजे विधानाचे सत्यही वाढले, असे मानण्याकडे मनाचा स्वाभाविक ओढा असतो. ओळ ठळक दिसली की तिचा अर्थ कळण्याच्या आधीच आपण तिला अर्धी संमती देऊन बसलेले असतो.

हा ओढा जवळून न्याहाळायचा तर रोमन लिपीतील एका मुद्राक्षर-कुलाचे चरित्र पाहावे. मुद्रक त्याला 'स्लॅब सेरिफ' म्हणतात. रोमन अक्षराच्या दांड्याला वर आणि खाली जी आडवी छोटी रेघ असते तिला सेरिफ असे नाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पार्म्याच्या बोदोनीने आणि पॅरिसच्या दिदो घराण्याने ही रेघ अतिशय बारीक केली होती. उभा दांडा भरदार, आडव्या रेघा जेमतेम दिसतील इतक्या नाजूक, असा त्या अक्षरांचा थाट असे, आणि गुळगुळीत कागद, उंची शाई व बेताचा दाब यांच्यावाचून ती अक्षरे नीट उमटत नसत. लंडनमधील व्हिन्सेंट फिगिन्स या खिळे ओतणाऱ्या कारखानदाराने १८१५ सालच्या आपल्या नमुनापुस्तकात 'अँटिक' या नावाने जी मोठी अक्षरे दाखवली, त्यांत हा सारा तोल मोडून टाकलेला होता. तिथे आडवी रेघ उभ्या दांड्याच्या बरोबरीने जाड झाली; अक्षराच्या माथ्यावर व पायथ्याशी जणू चौकोनी चिरे बसवले गेले. पुढे रॉबर्ट थॉर्नच्या मृत्यूनंतर त्याची फॅन स्ट्रीटवरील ओतशाळा विल्यम थॉरोगुडने विकत घेतली आणि १८२१ साली जे नमुनापुस्तक काढले, त्यात अशाच अक्षरांना 'इजिप्शियन' म्हटले होते. नेपोलियनच्या १७९८ सालच्या मोहिमेपासून युरोपात इजिप्तचे वेड पसरले होते आणि त्या नावाला बाजारात किंमत होती, यापलीकडे त्या देशाशी या अक्षरांचा संबंध नाही. शाँपोलियाँने चित्रलिपीचे रहस्य उलगडले ते त्यानंतर, १८२२ साली. म्हणजे ज्या देशाचे प्राचीन लेख अद्याप कोणाला वाचता येत नव्हते, त्याचे नाव लंडनच्या कारखानदारांनी सर्वांत दुरून वाचता येणाऱ्या अक्षरांना दिले.

या कुलातील ज्या अक्षराविषयी मला मनापासून आदर वाटतो ते मात्र १८४५ सालचे. त्याच फॅन स्ट्रीटच्या ओतशाळेत, रॉबर्ट बेस्ली भागीदार असताना, बेंजामिन फॉक्स नावाच्या कारागिराने 'क्लॅरेंडन' कोरले. त्या काळची कोरण्याची रीत अशी, की पोलादी कांबीच्या टोकावर, छापून येईल त्याच मापाचे पण उलटे अक्षर कानशी व सुऱ्यांनी घडवायचे. घडवता घडवता ते मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळायचे आणि कागदावर टेकवून पाहायचे. काजळीच्या त्या ठशात जिथे दोष दिसेल तिथे पुन्हा कानस लावायची. मनाजोगे झाले की पोलादाला पाणी द्यायचे, तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा करायचा, आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळे पाडायचे. अक्षर जाड करणे म्हणजे रेघेला नुसती शाई वाढवणे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही काजळीची परीक्षा डोळ्यांपुढे आणावी. दांडा जसजसा रुंदावतो तसतशी अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आकसते. इंग्रजी लहान 'ई'चा डोळा मिटू लागतो, 'ए'ची खालची वाटी बुजते, आणि लहान मापात तर शाई त्या फटींत साचून अक्षराचा नुसता डाग उरतो. फॉक्सने काय केले? त्याने जाड आणि बारीक यांतला थोडा फरक राखला, सेरिफचा चिरा दांड्याला काटकोनात न भिडवता हलक्या कमानीने त्यात मिळवून दिला, आणि पोटातले पांढरे हट्टाने सांभाळले. जाडपणाची खरी कसोटी अशी की, किती काळे केले यापेक्षा किती पांढरे शिल्लक ठेवले यावर ते अक्षर तरते.

या खटाटोपाचे प्रयोजनही ध्यानात घेण्याजोगे आहे. तोपर्यंतची जाड अक्षरे भिंतीसाठी होती. पुस्तकाच्या ओळीत एखादा शब्द उठावदार करायचा तर तिरके अक्षर किंवा मोठी लिपी वापरायची, नाही तर भित्तिपत्रकातले एखादे बोजड अक्षर आणून ओळीत कोंबायचे. क्लॅरेंडन हे मजकुराच्या साध्या अक्षराशेजारी, त्याच ओळीत, शोभून बसेल अशा बेताने घडवलेले ठळक अक्षर होते. १८४२ च्या कायद्यान्वये बेस्लीने त्याची नोंदणी केली. तिची मुदत तीन वर्षांची. मुदत सरताच इतर कारखानदारांनी त्याच्या नकला ओतल्या आणि ते अक्षर सर्वांचे झाले.

आता भिंतीकडे वळू. इंग्लंडात सरकारी लॉटरी १८२६ पर्यंत चालू होती आणि तिच्या हस्तपत्रकांवर त्या काळची सर्वांत जाड अक्षरे झळकत. मुद्रणाच्या इतिहासात अशीही नोंद आहे की थॉरोगुडने थॉर्नची ओतशाळा घेतली ती लॉटरीत मिळालेल्या रकमेतून. नाटके, औषधे, आगबोटी, जनावरांचे लिलाव, निवडणुका अशा सर्वांना भिंतीवर जागा हवी होती, आणि जो तो शेजारच्या पत्रकापेक्षा अधिक काळे होऊ पाहत होता. शिशाचे खिळे एका मापापलीकडे जड होतात आणि नीट ओतलेही जात नाहीत. ती अडचण न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्राने लाकूड कोरून दूर केली आणि १८२८ साली लाकडी अक्षरांचे नमुनापुस्तक काढले. मग हातभर उंचीची अक्षरेही स्वस्तात मिळू लागली. स्लॅब सेरिफ या नव्या व्यवहाराला विशेष मानवले, कारण त्यात मोडण्याजोगी बारीक रेघच नव्हती. हलका कागद, घाईचा दाब, दमट भिंत, काहीही असो, ते उमटत असे. टी. सी. हॅन्सार्डसारख्या जुन्या वळणाच्या मुद्रकाने १८२५ सालच्या आपल्या ग्रंथात या लठ्ठ अक्षरांचा तीव्र निषेध केला आहे. त्याचा निषेध सौंदर्याच्या बाजूने होता. माझा प्रश्न निराळा आहे: भिंतीवरचे ते अक्षर वाचणाऱ्याकडून नेमके काय मागते, आणि ते मागण्याचा त्याला अधिकार कोणता?

याचे उत्तर शोधताना मला पुन्हा मीमांसकांच्या दारी जावे लागते, कारण अतिशयोक्त शब्दाचा विचार त्यांच्याइतक्या गांभीर्याने क्वचितच कोणी केला असेल. वेदात विधिवाक्ये आहेत, तशी निव्वळ स्तुतीची वाक्येही आहेत. वायुदेवतेला उद्देशून एखादे कर्म सांगितले, की लगेच वायू हा सर्व देवतांत शीघ्रगामी असून तो यजमानाला त्वरित ऐश्वर्याप्रत नेतो, असे वर्णन येते. पूर्वपक्ष विचारतो की, ज्या वाक्यातून काही करण्याची आज्ञा निघत नाही त्याचे प्रयोजन काय? सिद्धांत असा, की अशी वाक्ये अर्थवाद होत. विधीशी एकवाक्यता पावून, त्या कर्माची प्रशस्ती करून, ती माणसाला प्रवृत्त करतात, आणि तेवढ्यापुरतीच ती सार्थ आहेत. अर्थवादाचे पुढे तीन प्रकार केले आहेत: जो इतर प्रमाणांशी विरुद्ध दिसतो तो गुणवाद, जो इतर प्रमाणांनी आधीच ज्ञात असते तेच सांगतो तो अनुवाद, आणि जो दोहोंपैकी काहीच नाही तो भूतार्थवाद. या वर्गीकरणात केवढी सावधगिरी आहे! स्तुतीला स्तुती म्हणून मान द्यायचा, तिच्या जोरावर माणूस चांगल्या कर्माला लागतो हेही मान्य करायचे, पण ती वस्तुस्थितीचे प्रमाण म्हणून पुढे आली की तिला थांबवायचे आणि इतर प्रमाणांशी तिचे जुळते की नाही ते तपासायचे.

जाड अक्षर हा मुद्रणाचा अर्थवाद आहे असे मी म्हणतो ते याच अर्थाने. त्याचे काम प्रवृत्त करण्याचे आहे: इकडे बघ, थांब, हे वाच. येथवर त्याच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही. परंतु अर्थवादाला जसा विधी लागतो, आणि त्या विधीला प्रामाण्य लागते, तसे या अक्षराच्या पाठीशी कोण उभे आहे हे विचारावेच लागते. भाट्ट मीमांसकांच्या मते ज्ञान हे स्वतःप्रमाण असते. ते उपजताच प्रमाण म्हणून उपजते आणि बाधक पुरावा पुढे आला तरच अप्रमाण ठरते. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञान खरे की खोटे हे बाहेरून, त्यावर विसंबून केलेली प्रवृत्ती सफल होते की नाही यावरून ठरते. या दोन मतांत मी आजवर मीमांसकांच्या बाजूचा होतो आणि पुष्कळसा अजूनही आहे, कारण प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याचा जामीन मागत बसले तर माणसाला घराचा उंबरठाही ओलांडता येणार नाही. पण भिंतीवरच्या जाड अक्षरापुढे नैयायिकच खरे वाटतात. ते अक्षर मनाच्या या मूळच्या भोळेपणाचाच फायदा घेते. बाधक पुरावा येईपर्यंत विश्वास ठेवायचा हा मनाचा धर्म. आणि बाधकाला उभे राहायला जागाच राहू नये, इतकी सारी भिंत व्यापून टाकायची ही त्या अक्षराची रीत.

न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे विश्वसनीय वक्त्याचे, लक्षण सांगताना दोन अटी घातल्या आहेत: त्याने ती वस्तू साक्षात जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याला इच्छा असावी; आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असेही त्याने उदारपणे नमूद केले आहे. आवाज मोठा असावा अशी तिसरी अट त्यात नाही. आपल्याकडच्या मराठेशाहीच्या दफ्तरांत हा विवेक कारभाराच्या रूपाने पाहायला मिळतो. मोडी कागदावर आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली अक्षरे एका लयीत धावतात. राजाज्ञा असो की हिशेबाची फर्द, कुठलाही शब्द शेजारच्या शब्दाहून जाड नसतो. सनदेचा अधिकार माथ्यावरच्या शिक्क्यात आणि अखेरच्या मोर्तबात असे. शिक्का खरा की खोटा हे पडताळून पाहता येते, कोणाचा आहे ते विचारता येते, आणि प्रसंगी त्याबद्दल जाबही मागता येतो. अक्षराच्या जाडपणाला जाब कोण विचारणार?

इथे एक उदाहरण असे आहे की ज्याच्यापुढे मला माझे विवेचन पुन्हा तपासावे लागते. अमेरिकेच्या दक्षिणेतील संस्थानांत पळालेल्या गुलामांना धरून देणाऱ्यास बक्षीस देण्याचे इश्तिहार आणि माणसांच्या लिलावांची पत्रके याच काळ्या, भरदार अक्षरांत छापली जात. १८५० साली पळालेल्या गुलामांसंबंधीचा नवा कायदा झाला. १८५१ च्या एप्रिलमध्ये टॉमस सिम्स या तरुणाला बॉस्टन शहरातून परत जॉर्जियात पाठवण्यात आले. आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेचे एक भित्तिपत्रक बॉस्टनच्या भिंतींवर लागले. त्याचा मजकूर थिओडोर पार्कर या युनिटेरियन धर्मोपदेशकाचा. शहरातील कृष्णवर्णीयांना त्यात इशारा होता, की चौकीदारांशी व पोलिसांशी बोलणे टाळा, कारण नगराच्या हुकुमाने त्यांना माणसे पकडून नेण्याचा अधिकार आता मिळाला आहे. तेही जाड अक्षरांतच छापलेले होते. छापखान्यातल्या खणांत जी अक्षरे होती तीच पार्करलाही उपलब्ध होती. माणसाला विकणारा आणि माणसाला वाचवणारा, दोघेही एकाच खणातून खिळे उचलतात.

यावरून कोणी म्हणेल की अक्षर निरपराध आहे, दोष वापरणाऱ्याचा. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. अक्षर जर सर्वस्वी तटस्थ असते तर लिलावाचे पत्रक बारीक अक्षरांत छापूनही तेवढाच परिणाम झाला असता. त्या जाडपणाने त्या लिलावाला एक प्रकारची दैनंदिनता, बाजाराची एक निर्वेध खात्री दिली. बैलजोडी आणि माणूस एकाच मापाच्या अक्षरांत आले. पार्करच्या पत्रकातला जाडपणा निराळे काम करतो. ते पत्रक वाचणाऱ्याने ते न वाचले तर त्याचे स्वातंत्र्यच जाणार होते; अक्षराचा जोर तिथे संकटाच्या मापाचा होता. शिवाय पार्कर साक्षात जाणलेले सांगत होता, जसे जाणले तसे सांगत होता, आणि त्याच्या म्हणण्याचा पडताळा सिम्सच्या हकिगतीने नुकताच दिला होता. वात्स्यायनाच्या दोन्ही अटी तिथे पुऱ्या होतात. म्हणून मी असे धरून चालतो, की अक्षराच्या जोराचे माप ऐकणाऱ्याच्या हितावरून घ्यावे, बोलणाऱ्याच्या गरजेवरून घेऊ नये. आणि त्या जोराने लक्ष मागावे, विश्वास मागू नये.

हा जोर धर्माच्या क्षेत्रात शिरला म्हणजे काय होते ते आपल्या घरात येणाऱ्या छोट्या पुस्तिकांत व पत्रकांत दिसते. आपल्या स्तोत्रांना फलश्रुती असते. पाठ केल्याने काय मिळेल ते सांगणारे हे श्लोक म्हणजे उघड अर्थवाद, आणि जुन्या पोथीत ते स्तोत्र संपल्यावर, स्तोत्राच्याच मापाच्या अक्षरांत, शेवटी येतात. वाचणारा तिथवर पोचतो तेव्हा पाठ करून झालेला असतो. हल्लीच्या कित्येक पत्रकांत फलश्रुती माथ्यावर चढली आहे. अमुक दिवसांत कार्यसिद्धी, तमुक संकटाचे निवारण, हे मथळ्याच्या जाड अक्षरांत येते आणि देवाचे नाव त्याखाली बारीक. मला याचे मनस्वी दुःख होते, कारण यात स्तुती आणि विधी यांचा क्रमच फिरला आहे. भक्ती आता फळाची पुरवणी होऊन बसली आहे.

परंतु मोठ्या आवाजाविषयी धर्माचे म्हणणे एकमुखी नाही, हेही सांगितले पाहिजे. मनुस्मृतीत वाचिक जपाहून उपांशू आणि उपांशूहून मानस जप श्रेष्ठ म्हटला आहे. उलट वारकऱ्यांचा नामघोष टाळमृदंगाच्या गजरात, हजारो कंठांतून होतो, आणि त्याला कोणी कमी प्रतीचा म्हणेल तर मी ते मुळीच मानणार नाही. मग नादवृद्धी इथे निर्दोष का? माझ्या मते याचे कारण असे की, तो घोष कोणाला काही पटवण्यासाठी केलेला नसतो. विठ्ठल आहे याचा पुरावा म्हणून वारकरी मोठ्याने नाव घेत नाही; शेजारच्या माणसाच्या आवाजात आपला आवाज मिसळावा आणि आपण वेगळे ऐकू येऊ नये म्हणून घेतो. भिंतीवरच्या अक्षराला मात्र शेजाऱ्याहून वेगळे दिसायचे असते.

ठळक अक्षराचा जो उपयोग मला सर्वांत निर्मळ वाटतो तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात आहे. जेम्स मरे यांच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला, आणि त्यातले शीर्षशब्द क्लॅरेंडन अक्षरांत आहेत. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयात तर ठळक अक्षराला सरसकट याच नावाने ओळखत. तीन स्तंभांचे ते दाट पान उघडावे. व्युत्पत्ती, अर्थभेद, शतकानुशतकांची अवतरणे अशी बारीक अक्षरांची गर्दी आहे, आणि तीत थोड्याथोड्या अंतरावर एकेक काळा शब्द उभा आहे. नजर त्या काळ्या शब्दांवरून घसरत जाते, हवा तिथे थांबते, आणि मग त्या शब्दाला सोडून बारीक अक्षरांत शिरते. जाड शब्द तिथे स्वतःविषयी काहीही म्हणत नाही. जे म्हणायचे ते सारे त्याच्या पुढच्या बारीक मजकुरात आहे. आपल्या मोल्सवर्थच्या कोशाला या साधनाची फारशी गरज पडली नाही, कारण शीर्षशब्द देवनागरीत आणि विवरण इंग्रजीत असल्याने लिपीच दोहोंना वेगळे करते.

अक्षराने मुळी दिसूच नये, असे म्हणणाराही एक पक्ष आहे. बिअॅट्रिस वॉर्ड या विदुषीने १९३० साली लंडनच्या मुद्रकांपुढे दिलेल्या व्याख्यानात मद्याचा रंग दाखवणाऱ्या स्फटिकाच्या पेल्याची उपमा देऊन असे प्रतिपादले, की उत्तम मुद्रण ते, ज्यातून अर्थ दिसतो आणि मुद्रण दिसत नाही. हे मत उदात्त आहे, आणि मोठ्या पुस्तकांच्या संथ पानांविषयी ते खरेही आहे. पण ते पूर्णपणे स्वीकारायला वैयाकरण भर्तृहरी आड येतो. त्याने ध्वनीचे दोन भेद केले: प्राकृत ध्वनी, ज्याच्यावाचून शब्दाचे ग्रहणच होत नाही; आणि वैकृत ध्वनी, ज्यामुळे तोच शब्द द्रुत, मध्य किंवा विलंबित वृत्तीत ऐकू येतो. शब्दाला काही ना काही देह लागतोच. सर्वस्वी अदृश्य अक्षर म्हणजे न उच्चारलेला शब्द. टंकलेखनयंत्राचे अक्षर पाहा: प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते, म्हणून अरुंद 'आय'ला दोन्ही बाजूंनी लांब सेरिफ देऊन ती जागा भरावी लागते; १९५५ च्या सुमारास हॉवर्ड केटलर यांनी आयबीएमसाठी आखलेल्या 'कुरिअर'मध्येही स्लॅब सेरिफ आहे तो मुख्यतः या गरजेपोटी. तो देह यंत्राने लादला, आणि तरीही त्याने कित्येक पिढ्यांच्या अर्जांना व हुकमांना एक दफ्तरी वजन दिले. प्राकृत ध्वनी कुठे संपतो आणि वैकृत कुठे सुरू होतो, हे प्रत्येक पानापाशी नव्याने ठरवावे लागते.

देवनागरीत हा प्रश्न आणखी बिकट होतो. आपल्या अक्षराला सेरिफ नाही. त्याच्या माथ्यावरून शिरोरेषा जाते आणि शब्दातली सारी अक्षरे एका दांडीत बांधते. ती जाड केली की सबंध शब्दाचा माथा काळा होतो, आणि 'ष', 'क्ष', 'भ' यांच्या पोटातले पांढरे, वर मात्रा आणि खाली उकार यांच्या दाटीत, रोमनपेक्षा लवकर बुजते. कदाचित म्हणूनच आपल्या हस्तलिखितांनी जाडपणाचा मार्ग न धरता दुसरे मार्ग शोधले. 'उवाच' सारख्या शब्दांवर व अध्यायसमाप्तीवर गेरूचा हात फिरवीत; चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावीत; आणि त्रिपाठी पोथीत मूळ ग्रंथ पानाच्या मध्ये मोठ्या अक्षरांत व टीका त्याच्या वर-खाली लहान अक्षरांत लिहीत. जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याने आणि त्याच्या वळणावर गेलेल्या इतर मुद्रकांनी मूळ मोठे, भाष्य लहान, ही रीत खिळ्यांतही चालवली. त्यात मोठेपणाने एवढेच कळते की कोण कोणाविषयी बोलत आहे.

आणि त्या भाष्याच्या आत शिरले म्हणजे जे दिसते त्याचे महत्त्व मला अलीकडे अधिकाधिक जाणवू लागले आहे. शंकराचार्यांच्या शारीरकभाष्याच्या जुन्या आवृत्तीत पूर्वपक्ष आणि सिद्धांत एकाच मापाच्या, एकाच जाडीच्या अक्षरांत येतात. सांख्यांचे म्हणणे आचार्यांच्या म्हणण्याइतक्याच काळ्या शाईने छापलेले असते. बौद्धांचा आक्षेप कोपऱ्यात बारीक अक्षरांत ढकललेला नसतो. पूर्वपक्ष कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झाले हे एखाद्या 'इति चेत्', 'अत्रोच्यते' या सांध्यावरून वाचणाऱ्याने ओळखायचे, आणि ओळखेपर्यंत पूर्वपक्षाचा जोर त्याच्या पुऱ्या बळानिशी सोसायचा. आता विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी निघणाऱ्या आवृत्त्यांत सिद्धांताची वाक्ये ठळक छापण्याचा परिपाठ पडत आहे. हेतू चांगला असेल. पण अशा पानावर विद्यार्थ्याची नजर पूर्वपक्षावरून तशीच घसरते आणि काळ्या वाक्यावर जाऊन टेकते, आणि ज्या शंकेने ते वाक्य जन्माला घातले ती शंका त्याच्या मनात उठतच नाही. विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धांत आणि संगती अशी अधिकरणाची पाच अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी एखादे ठळक छापणे परीक्षेच्या सोयीसाठी अगदीच अपरिहार्य झाले, तर संपादकांनी संशयाचे वाक्य निवडावे. कोशातल्या शीर्षशब्दाप्रमाणे ते नजरेला थांबवील, स्वतः काहीही ठरवणार नाही, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा मजकूर वाचल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढच्या अधिकरणाकडे जाता येणार नाही.